डेकचं तेल दर पावसात बिघडतंय? नवा डबा आणण्याआधी हे तपासा

गोव्यात पेडण्यापासून साळगावपर्यंतच्या काही घरांचे लाकडी डेक, म्हणजे घराबाहेरच्या फळ्यांच्या बैठका, मी सांभाळतो. कुठे पाहुण्यांना भाड्याने दिलेला बंगला, कुठे मुंबईकरांचं सुट्टीचं घर, कुठे जुन्या घराच्या मागच्या अंगणात माडांखाली नव्याने बांधलेला डेक. तक्रारीचे फोन वर्षातून दोनदा येतात, चवथीच्या आधी आणि नाताळच्या आधी. वाक्य ठरलेलं: "गेल्या वर्षीच तेल मारलं होतं हो, तरी परत तसंच झालं."

"तसंच" म्हणजे यातलं काहीतरी असतं, आणि बऱ्याचदा एकाच डेकवर दोन-तीन गोष्टी एकदम:

– तेल लावून चार-पाच दिवस झाले तरी पाय चिकटतो. उन्हात जास्तच. वर धूळ, केस, मुंग्या अडकून बसलेल्या.
– काळे ठिपके. कधी मोहरीएवढे, सगळीकडे विखुरलेले. कधी फक्त स्क्रूभोवती काळं वर्तुळ आणि खाली ओघळ.
– रंग उडून फळ्या राखाडी झालेल्या, पण छपराखालच्या फळ्या अजून तशाच.
– पापुद्रे सुटतात, त्याखाली पांढुरकं दिसतं.
– कुंड्यांखाली आणि सावलीच्या कोपऱ्यात हिरवं, निसरडं.
– फळीची टोकं काळी पडून फुगलेली, दाबली तर मऊ.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट "इथे थांबा" या भागाकडे जा. तो तेलाचा प्रश्न राहिलेला नाही.

बाकीच्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी उघडलेल्या बहुतेक बिघडलेल्या डेकांवर तेल कमी नव्हतं, जास्त होतं. किंवा लाकूड ओलं असताना लावलेलं होतं. लोक मात्र तेल खराब निघालं असं धरून त्याहून महाग डबा आणतात आणि आधीच्याच थरावर चढवतात.

१. वाटीभर पाणी (खर्च शून्य)

डेक कोरडा असताना तीन-चार ठिकाणी थोडं पाणी टाका: एक जागा भर उन्हातली, एक छपराखालची, एक जिथे रोज चालणं होतं ती. मग दहा मिनिटं बसून बघा.

पाणी थेंब होऊन वरच राहिलं तर तिथे तेल लावायचं नाही. दोन-तीन मिनिटांत फळीने ओढून घेतलं आणि डाग गडद झाला तर ती जागा तहानलेली आहे. बहुतेक डेकांवर दोन्ही दिसतं. उन्हातली बाजू पाणी पिते, छपराखालची पीत नाही. अशा वेळी फक्त उन्हातल्या बाजूला तेल लावायचं, सगळीकडे नाही.

याचं कारण साधं आहे. डेकचं तेल वार्निशसारखं वर बसण्यासाठी बनवलेलं नसतं, त्याला लाकडाच्या छिद्रांत शिरायचं असतं. छिद्रं भरलेली असतील तर तेल वर साचतं. हवा लागून त्याची वरची साय सुकते, खालचं ओलंच राहतं. तुमच्या चपलेला लागतं ते हेच.

२. नाणं आणि चिकटपट्टी

पाणी वर राहण्याचं दुसरं कारण असू शकतं. त्यावर तेल नसून फिल्म, म्हणजे लाकडावर बसलेला पातळ थर, असू शकते. नाण्याने हलकं खरवडा. भुकटी निघाली तर तेल. कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा निघाला तर कुणीतरी वार्निश, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असलं चकचकीत पॉलिश मारलंय. शंका राहिली तर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा आणि पट्टीला काय लागलंय ते बघा.

पॉलिशवाल्यांची इथे एक अडचण असते. त्यांचं निम्मं काम दारं, पलंग आणि देव्हाऱ्याचं. तिथे चकाकी हवीच असते, म्हणून डेकवरही तेच मारतात. पहिल्या दिवशी मालकही खूश. पण आडवी फळी पावसात फुगते, उन्हात आकसते आणि फिल्म तिच्याबरोबर हलत नाही. तडा जातो, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. पापुद्र्याखालचं पांढुरकं ते हेच. फिल्म असेल तर वरून कुठलंही तेल लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी ती पूर्ण काढावी लागते, त्याबद्दल पुढे.

३. तारीख आठवा

तेल कधी लावलं होतं? महिना तरी सांगा. या एका उत्तरातून मला निम्मं कळतं.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मधे तीन दिवस ऊन पडलं की फळी वरून कोरडी खडखडीत वाटते, पण आत पाणी असतं. छिद्रांत पाणी भरलेलं असताना तेल कुठे जाणार? ते वर राहतं, आत कोंडलेली ओल बुरशीला पोसते आणि पंधरा दिवसांत काळे ठिपके दिसू लागतात.

हे पुस्तकात वाचलेलं नाही. एकदा ऑगस्टमध्ये एका घरमालकीणबाईंनी आग्रह धरला: चवथीला पाहुणे येणार, डेक चकचकीत हवा. सलग चार दिवस उघडीप होती, मलाही मोह पडला. आरतीच्या दिवशी लोक अनवाणी डेकवर आले आणि पायांचे ठसे आतल्या पांढऱ्या फरशीवर गणपतीच्या मखरापर्यंत गेले. नोव्हेंबरात ते सगळं खरवडून पुन्हा केलं, तेल आणि मजुरी माझ्या खिशातून. त्यानंतर जून ते मध्य ऑक्टोबर मी डेकला तेल लावत नाही. कुणी कितीही गळ घातली तरी झाडू, पाणी आणि ब्रश एवढंच.

उलट टोकाची चूक एप्रिल-मेच्या दुपारची. फळी इतकी तापलेली असते की तेल आत जाण्याआधीच वर आटतं. अनवाणी पाय ठेवून दहा सेकंद उभं राहता येत नसेल तर तेव्हा लावू नका.

४. काळं कशाचं आहे?

ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण खर्च दहा रुपयांचा आणि उत्तर दोन मिनिटांत. कपड्यांच्या ब्लीचचा एक थेंब काळ्या डागावर टाका. डाग फिका झाला तर बुरशी. तसाच राहिला तर बहुधा लोखंड, किंवा साधा मळ.

बुरशी असेल तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, कोमट पाण्यात विरघळवून ओता. पंधरा-वीस मिनिटं ओलं राहू द्या, ताठ नायलॉनच्या ब्रशने फळीच्या रेषेत घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. साधं क्लोरीनचं ब्लीचही बुरशी घालवतं, पण लाकडाचे तंतू उठवतं आणि आजूबाजूची झाडं जाळतं, म्हणून ते मी थेंबापुरतंच ठेवतो.

लोखंडाचं काळं वेगळं. सागवान, मत्ती अशा लाकडांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. (मत्ती म्हणजे घाटावरचा ऐन.) टॅनिन, लोखंड आणि ओल एकत्र आली की शाईसारखा काळा डाग तयार होतो. लोखंड येतं कुठून? साध्या स्क्रूमधून, विसरलेल्या तारेच्या घासणीतून, बादली पिवळी करणाऱ्या बोअरवेलच्या पाण्यातून. एका डेकवर मला दोन दिवस उलगडा होईना. संपूर्ण डेक स्वच्छ आणि एका कोपऱ्यात हजारो बारीक काळे ठिपके. शेवटी माळ्याने सांगितलं की खिडकीचं ग्रिल कापायला माणूस आला होता आणि ग्राइंडर त्याने तिथेच चालवला. ठिणग्या विझल्या, पण लोखंडाचा कीस फळ्यांत रुतून बसला आणि दवाने गंजला.

यावर उपाय ऑक्झॅलिक आम्ल. लिटरभर कोमट पाण्यात ३० ते ४० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडी बादली नको. ब्रशने पसरा, वीस मिनिटं थांबा, भरपूर धुवा. राखाडी झालेली फळीही याने उजळते. मात्र हे विष आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलं आणि कुत्री-मांजरं लांब ठेवा. ब्लीच आणि आम्ल एकाच दिवशी, एकाच बादलीत किंवा एकाच ब्रशने कधीही वापरू नका. क्लोरीनचं ब्लीच आणि आम्ल एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. आणि काळं होण्याचं मूळ तसंच राहिलं असेल, म्हणजे साधे स्क्रू किंवा पिवळं पाणी, तर डाग दोन महिन्यांत परत येणार.

५. चिकट डेक सोडवणं

आठवडाभराच्या आतलं असेल तर सोपं आहे. जाडसर कापड टर्पेंटाइनमध्ये भिजवून चोळा, हिरव्या घासणीने हलकं घासा, लगेच कोरड्या कापडाने पुसा. साचलेलं तेल सुटून कापडावर येतं. काही जण यावर आणखी पातळ तेलाचा हात मारतात, "म्हणजे खालचं विरघळेल" म्हणून. तसंही होतं, पण त्यानंतर शेवटचा थेंब पुसून काढायला हवा आणि तिथेच कंटाळा येतो.

दोन-तीन महिने जुना चिकटा असेल तर टर्पेंटाइन पुरत नाही. डेक-स्ट्रिपर (जुना थर सोडवणारं रसायन) किंवा पॉलिशपेपर लागतो. पेपर ६० नंबरने सुरू करा आणि ८० वर थांबा. टेबलासारखं गुळगुळीत करायच्या नादात १२० किंवा १८० पर्यंत गेलात तर छिद्रं बुजतात, तेल पुन्हा वरच राहतं आणि ओल्या पायाने माणूस घसरतो. स्ट्रिपर वापरला असेल तर तो बहुधा अल्कलीचा असतो आणि लाकूड काळपटवतो. पूर्ण धुऊन मग ऑक्झॅलिक आम्लाचा हात दिला की लाकूड पूर्वपदावर येतं.

गाडी धुवायचं प्रेशर मशीन आणायचा मोह सगळ्यांना होतो. पंख्यासारखी धार, हातभर अंतर, कमी दाब, एवढं पाळाल तर ठीक. जवळून मारलंत तर मऊ तंतू उडून जातात, फळीवर लव उभी राहते आणि मग तुम्हाला सगळाच डेक घासावा लागतो.

६. खाली वाकून बघा

टॉर्च घ्या आणि डेकखाली डोकवा. फळ्यांमध्ये पाचेक मिलिमीटरची फट आहे का? ती माडाच्या हिरांनी, काजूच्या पानांनी, लाल मातीने बुजली आहे का? खाली हवा खेळते का, की चारही बाजूंनी चिरे लावून "नीटनेटकं" बंद केलंय? एसीच्या पाण्याची नळी खाली सोडलेली आहे का? (सापडते. फार वेळा सापडते.)

वरून तुम्ही कितीही तेल लावा, खालून रोज ओल येत असेल तर फळी वर वाफ सोडत राहणार आणि तेल सुटणार. बंद केलेल्या बाजूंचे दोन-दोन चिरे काढून जाळी बसवली एवढ्यावर दोन डेक सुधारलेले मी पाहिलेत, तेलाचा थेंबही न लावता. कुंड्यांना पायाखाली वीट द्या. समुद्राजवळ असाल तर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने डेक धुवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे खारा थर असलेली फळी कधी पुरती कोरडी होत नाही.

७. ओल मोजणारं यंत्र आणि स्क्रू

इथून थोडा खर्च. दोन टोकांचा मॉइश्चर मीटर हजार-दोन हजारांत मिळतो. १५ टक्क्यांच्या खाली आकडा आला की तेल लावा. वर असेल तर थांबा. एकाच ठिकाणी नको, निदान आठ-दहा जागी टोचा, फळ्यांच्या टोकांशी नक्की.

स्क्रू गंजले असतील तर बदला. किनाऱ्यापासून दूर असाल तर ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चालतं. मोरजी-आश्वेसारख्या खाऱ्या वाऱ्यात ३१६ घ्या. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला जास्त टिकतं. चुंबक घेऊन दुकानात गेलात तरी हे दोन ग्रेड ओळखता येणार नाहीत, बिलावर ग्रेड लिहून मागा.

तेल कुठलं घ्यायचं

वरचं सगळं झाल्यावरच हा प्रश्न. डब्यावर तीन गोष्टी बघा: बाहेरच्या वापरासाठी आहे का, बुरशीरोधक आहे का, रंगद्रव्य आहे का.

रंगद्रव्यावर मी अडून बसतो. बिनरंगाचं पारदर्शक तेल दुकानातल्या नमुन्यावर सुरेख दिसतं. पण सूर्याचे अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि फळी राखाडी पडते. बिनरंगाचं तेल हे थांबवू शकत नाही, रंगद्रव्याचे कण थांबवतात. मध्यम तपकिरी घ्या. फार गडद घेतलंत तर स्विमिंग पूलशेजारी मुलांचे पाय पोळतात.

"टीक ऑइल" या नावाला भुलू नका. ते सागवानातून काढलेलं तेल नसतं. बहुधा अळशीचं किंवा टंगचं (एका झाडाच्या बियांचं) तेल, थिनर आणि थोडं वार्निश यांचं मिश्रण असतं. कच्चं अळशीचं तेल आपल्या हवेत नकोच; सुकायला फार वेळ लावतं आणि बुरशीला खाऊ पुरवतं. जुनं इंजिन ऑइल मारणारेही आहेत. ते कधीच सुकत नाही, पायाला लागतं आणि मातीत जातं.

एक जुने मेस्त (सुतार) मला दरवेळी काजूच्या टरफलाच्या तेलाची आठवण करून देतात. त्यांचं चूक नाही. होड्यांना आणि वाशांना ते पिढ्यान् पिढ्या लावलं जातं, वाळवी लांब राहते. पण ते अंगाला लागलं की कातडी भाजते, काजू भाजलेल्या माणसाला विचारा. डेकखालच्या फ्रेमला, हातमोजे घालून लावायला माझी हरकत नाही. अनवाणी चालायच्या फळीवर नको.

नवं सागवान असेल तर त्याचं स्वतःचं तेल वर असतं, त्यामुळे पहिला हात सुकत नाही. लावण्याआधी थिनरने पुसून घ्या. मेरांटीसारखं आयात लाकूड पटकन पितं. थर्मोवुडलाही (उष्णता देऊन टिकाऊ केलेल्या लाकडाला) उन्हासाठी रंगद्रव्य लागतंच. कुठलंही असो, आधी एका कोपऱ्यात हातभर लावून दोन दिवस बघा.

लावताना

दवाच्या ओलीपासून सांभाळा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ-दहापर्यंत फळी दमट असते. त्यानंतर सावलीच्या बाजूने सुरुवात करा. डबा नीट ढवळा, रंगद्रव्य तळाशी बसतं. एका वेळी दोन-तीन फळ्या, टोकापासून टोकापर्यंत. मधे सोडलंत तर जोड दिसतो. एक लिटरमध्ये साधारण ८ ते १० चौरस मीटर होतं, जुन्या खरखरीत फळ्यांवर त्याहून कमी.

पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या कापडाने वरचं सगळं पुसून काढा. सगळं. "राहू दे, जिरेल" असं म्हणालात की चिकट डेक झालाच समजा. फळीचं कापलेलं टोक मात्र अपवाद आहे. ते म्हणजे नळ्यांची जुडी, तिथे पितं तोवर दोन-तीन हात द्या. सुतार जागेवर फळ्या कापतात आणि टोकं कोरीच ठेवतात, सडणं बहुतेक तिथूनच सुरू होतं.

तेलाची फडकी गोळा करून पिशवीत कोंबू नका. सुकणारं तेल हवेशी संयोग पावताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून आपोआप पेट घेऊ शकते. मी एकदा संध्याकाळी अशी पिशवी उचलली आणि ती हाताला गरम लागली. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

इथे थांबा, माणूस बोलवा

स्क्रू-ड्रायव्हर फळीत दाबला आणि पाऊण सेंटिमीटरहून जास्त सहज आत गेला तर ती फळी कुजली आहे. एखादी वरची फळी असेल तर बदलता येते. खालच्या फ्रेममध्ये गेला तर थांबा आणि सुताराला दाखवा. डेक जमिनीपासून उंचावर, भिंतीला टांगलेला किंवा उतारावर असेल तर नुसत्या सुतारावर भागवू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा आणि तोवर त्यावर कुणाला जाऊ देऊ नका.

वाळवीची मातीची नळी दिसली तर ती झाडून तेल लावू नका. नळी मोडली तरी वारूळ जमिनीत असतं. परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याचं काम आहे. डेकमध्ये बसवलेल्या दिव्यांजवळ ओल्या पायाला झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बादली-ब्रश आत ठेवा. आणि मोठ्या डेकवरची जाड पीयू फिल्म काढायची असेल तर घरच्या छोट्या सँडरने (लाकूड घासायच्या यंत्राने) सुरुवात करू नका. ड्रम सँडर चालवणारा माणूस दोन दिवसांत करतो. तुम्ही पंधरा दिवस घालवाल आणि खड्डे पडतील.

वर्षभराचं

ऑक्टोबरच्या शेवटी धुणं, त्यानंतर निदान आठ-दहा कोरडे दिवस, मग पाण्याची चाचणी. नोव्हेंबरात तहानलेल्या जागांना एक हात. एप्रिलच्या शेवटी पुन्हा चाचणी, लागलंच तर उन्हातल्या बाजूला, म्हणजे पावसाआधी तेल मुरायला तीन-चार आठवडे मिळतात. पावसात दर पंधरवड्याला फटींतला कचरा काढायचा. पश्चिमेकडून थेट मारा होत असेल तर बल्कांवाला (घरापुढच्या बैठकीच्या ओट्याला) पूर्वी लावायचे तशा झावळ्यांच्या झडी बांधा. पाहुण्यांना फोटोतही त्या आवडतात.

उरलेल्या डब्याच्या झाकणावर मार्करने तारीख, कुठली बाजू आणि किती लिटर लागलं ते लिहून ठेवा. फोन केलात तर मी पहिलं तेच विचारणार आहे.